हिकमत-अकांची बढती

हिकमत-अका तुर्दियेव कारखान्याचे मुख्य संचालक झाल्याचा हुकूम आला, तेव्हा आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये पुलाव खात होतो. राजधानीहून आलेल्या माणसाने उभं राहून कागद वाचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना सगळे अका, म्हणजे दादा, म्हणायचे; स्वयंपाक्याने अकांच्या ताटात मटणाचा आणखी एक मोठा तुकडा वाढला. अकांनी छातीवर हात ठेवून मान लववली आणि खाली बसता बसता माझ्या कानाशी येऊन विचारलं, "रिम्मा, मलाच का?"

"एकोणीस वर्षं राबलात म्हणून," मी म्हटलं.

"राबणाऱ्याला संचालक केलेलं तू कधी पाहिलंयस?"

पाहिलं नव्हतं. मी तीन संचालक पाहिले होते आणि तिघेही राजधानीतून आले होते. तिसरे, तुर्सुनोव, आदल्याच शुक्रवारी 'उपचारासाठी' म्हणून गेले. त्यांच्या दारावरची पाटी जेवणाच्या सुट्टीआधीच निघाली होती. काय दुखतंय त्यांचं, हे कारखान्यातल्या चार हजार माणसांपैकी एकानेही विचारलं नाही.

मी रिम्मा पाक. आमचं घर कोरियन, पण आजीच्या वेळेपासून आम्ही इकडेच. कोकंदला गाड्यांचा कारखाना निघाला तेव्हा कोरियाहून आलेल्या इंजिनियरांचं बोलणं उझबेक भाषेत सांगायला मला ठेवून घेतलं. पुढे ते लोक भागीदारी मोडून निघून गेले. मी राहिले आणि संचालकांच्या कचेरीची प्रमुख झाले. अका त्याच वर्षी वेल्डिंगमध्ये साधे कामगार म्हणून लागले होते. त्यांना आठ महिने कोरियात शिकायला पाठवलं, तिकडे त्यांचं दुभाषेपणही मीच केलं. दार आणि खांब यांच्यातल्या फटीवरून ते अंगठा फिरवायचे आणि कागदाच्या जाडीइतका फरक असला तरी गाडी बाजूला काढायचे. लोक शिव्या घालायचे. पण त्या अंगठ्यावर ते आधी मुकादम झाले, मग विभागप्रमुख, मग गुणवत्तेचे प्रमुख आणि शेवटी उत्पादनाचे उपसंचालक. त्याच्या वर आमच्या कोकंदच्या खोऱ्यातला माणूस जात नसे.

म्हणून त्यांचं 'मलाच का' हे काही नम्रतेतून आलेलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी टेबल खिडकीपासून दूर हलवून घेतलं. तुर्सुनोवची खुर्ची बदलली, टेलिफोन बदलला, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढायला लावलं. फोनवर 'हो', 'नाही' आणि 'बघतो' यापलीकडे बोलेनात. चहा घरून थर्मासमधून आणू लागले. काही महत्त्वाचं बोलायचं असलं की मला घेऊन मागच्या आवारात जायचे. तिथे तयार गाड्या रांगेत उभ्या असत. त्यातल्या मधल्याच एखाद्या गाडीत आम्ही बसायचो, काचा वर करून, जून महिन्यात. नव्या गाडीतला तो प्लॅस्टिकचा वास आणि कपाळावरून ओघळणारा घाम यांचं नातं माझ्या डोक्यात तेव्हापासून जुळलंय.

अशाच एका दुपारी त्यांनी शर्टाच्या आतून दोन कागद काढले.

"ही सही कुणाची?"

"अब्रोरची."

"आणि ही?"

"तीही त्याचीच."

"तारीख बघ."

दोन्हींवर एकच तारीख होती. लोचिन नावाची आमची नवी गाडी सहा आठवड्यांनी बाजारात यायची होती, तिच्या ब्रेकच्या रबरी नळ्यांचे हे तपासणी अहवाल होते. या नळ्या पूर्वी कोरियातून यायच्या. काही महिन्यांपासून मार्गिलानजवळच्या एका नव्या कारखान्यातून येत होत्या. त्या कारखान्याचा मालक कोण, हे कुणी तोंडाने सांगत नसे. 'नळीवाली मंडळी' एवढंच म्हणायचे आणि बोट वर दाखवायचे.

"एका कागदावर बारा नळ्यांपैकी पाच उष्णतेने भेगाळल्यात," अका म्हणाले. "दुसऱ्यावर बाराच्या बारा उत्तम. एकाच दिवशी, एकाच माणसाने तपासलेल्या. आणि दोन्ही कागद माझ्या तिजोरीत, एकाच फायलीत. उत्तम गाड्या म्हणून दाखल्यावर सही करायची मी."

अब्रोर मामासोलियेव गुणवत्तेचा प्रमुख होता, अकांच्या हाताखाली तयार झालेला. फटीवरून अंगठा कसा फिरवायचा हे त्याला अकांनीच शिकवलं होतं. शिवाय आता सोयरीक जुळली होती. अकांचा सरदोर आणि अब्रोरची नफोसत यांचं ठरलं होतं, वसंतात दोन्ही घरांनी मिळून साखरपुड्याचा नान मोडला होता आणि सप्टेंबरात लग्न होतं.

"सरळ विचारा ना त्याला," मी म्हटलं.

"विचारलं की मला कळलंय हे त्याला कळेल. मग तो ज्याला सांगायचं त्याला सांगेल."

"अब्रोर तुमचा माणूस आहे, अका."

"तुर्सुनोव माझ्याबद्दल असंच म्हणायचे."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. मी काचेतून बाहेर बघितलं. त्यांना माझ्याबद्दल काय वाटत होतं हे मला समजत होतं, आणि इथे मला एक गोष्ट सांगून टाकायला हवी. त्यांचा माझ्यावरचा संशय खोटा नव्हता.

कारखान्याच्या सुरक्षा विभागात तळमजल्यावर ओदिल नावाचा एक माणूस बसे. दर गुरुवारी चार वाजता मला त्याच्याकडे जावं लागायचं. तिन्ही संचालकांच्या वेळी जात होते. संचालकांना कोण भेटलं, कुणाचा फोन आला, स्वारीचा मूड कसा आहे, असं तो विचारायचा आणि वहीत लिहायचा. मी नाही म्हटलं असतं तर दुसरी कुणी गेली असती, असं मी स्वतःला सांगायचे. अकांबद्दल मी फुटकळ सांगत होते: चहा घरून आणतात, टेबल हलवलं. नळ्यांचं एक अक्षर बोलले नाही. पण फुटकळ ते काय आणि महत्त्वाचं ते काय, हे मी ठरवत नव्हते. ते ओदिल ठरवत होता. टेबल हलवल्याचं सांगितलं तेव्हा त्याने पेन थांबवून विचारलं होतं, "कुठल्या भिंतीकडे?"

जुलै लागला. अब्रोर रोज सकाळी नेहमीसारखा अहवाल घेऊन यायचा. अका त्याला बसा म्हणेनासे झाले. अब्रोरही बदलला होता. आधी तो दार उघडतानाच काहीतरी चेष्टा करायचा. आता उभ्या उभ्या वाचायचा आणि जायचा. जाताना तिजोरीकडे एक नजर टाकायचा. ती नजर अकांनीही टिपली होती.

"बघितलंस?" ते मला म्हणाले. "फाईल जागेवर आहे का ते बघतोय."

त्याच आठवड्यात त्यांनी लग्न पुढे ढकललं. कारण दिलं नाही, तारीख दिली नाही. मुलीकडून आलेली कापडं आणि मिठाईची ताटं परत पाठवली. ताटं परत गेली म्हणजे सोयरीक मोडली, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी अकांच्या पत्नी मन्झुरा-ओपा, म्हणजे मन्झुराताई, कचेरीत आल्या. अका विभागात होते. त्या माझ्यासमोर बसल्या आणि डोक्याचा रुमाल सोडून परत बांधू लागल्या.

"अगं, ह्यांना झालंय तरी काय? मला सांगत नाहीत. तुला सांगतात."

"मलाही सगळं नाही सांगत, ओपा."

"अब्रोरच्या बायकोने मला काल बाजारात बघून रस्ता ओलांडला. त्या पोरीत काय खोट आहे? त्या घरात काय खोट आहे? मी सरदोरला काय सांगू?"

"कामाचं काहीतरी आहे."

"काम घरात कशाला आणायचं? रात्री उठून हे बाहेरच्या दाराची कडी बघतात. मी चहा दिला तर आधी माझ्याकडे बघतात, मग कपाकडे. सत्तावीस वर्षं झाली मला ह्यांच्या घरात." त्यांनी रुमालाची गाठ घट्ट ओढली. "संचालक व्हायच्या आधी माझा नवरा बरा होता, एवढंच सांगायला आले होते."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

जुलैच्या शेवटच्या सोमवारी अकांनी मला आणि अब्रोरला सकाळी आठला फाटकाशी बोलावलं. राजधानीत बैठक आहे, फाईल घेऊन ये, एवढंच मला सांगितलं होतं. फाटकाशी कचेरीची गाडी नव्हती. आवारातली एक पांढरी लोचिन उभी होती, तात्पुरत्या नंबराची. अका स्वतः चालवायला बसले होते.

"ड्रायव्हर?" मी विचारलं.

"आजारी आहे. बस मागे."

अब्रोर दोन पावलं मागे उभा होता. त्याने गाडीकडे पाहिलं, पुढच्या डाव्या चाकाकडे पाहिलं, मग अकांकडे. मग पुढच्या सीटवर जाऊन बसला आणि पट्टा लावला. गाडी बघून माझ्याही मनात पाल चुकचुकली. पण अका स्वतः चालवताहेत म्हणजे हिच्या नळ्या बदलून घेतल्या असतील, असं मी धरून चालले.

घाटाच्या पायथ्याच्या चौकीवर आम्हाला थांबवलं. शिपायाने गाडीचा नंबर वहीत उतरवला, अकांचं नाव वाचून सलाम ठोकला आणि बांबू वर केला. कमचिक घाटाची चढण सुरू झाली. रस्त्याकडेला बायका कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे गोळे, विकायला बसल्या होत्या, त्यातल्या एकीने पिशवी उंचावून दाखवली. अकांनी वेगही कमी केला नाही. दोन्ही बोगदे पार झाले आणि उतार लागला.

अकांनी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली.

आता सगळा भार ब्रेकवर होता. पहिलं वळण, दुसरं वळण. उजव्या हाताला दरी. पुढे खरबुजांनी भरलेला एक ट्रक रांगत चालला होता. अब्रोरने छताजवळची मूठ धरली होती आणि त्याच्या मानेवर घाम दिसत होता. अका रस्ता सोडून मधूनमधून त्याच्याकडे बघत होते. तेव्हा मला कळलं की राजधानीत बैठक वगैरे काही नाही.

चौथ्या वळणानंतर अब्रोर म्हणाला, "अका, गाडी थांबवा."

"का?"

"थांबवा म्हणतो ना."

"आधी का ते सांग."

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"मला नाही माहीत. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तेवढ्यात अकांचा चेहरा बदलला. पाय त्यांनी एकदा उचलून पुन्हा दाबला, पुन्हा उचलून दाबला. "पेडल खाली जातंय," ते म्हणाले, अगदी हळू, विभागात एखादा दोष नोंदवावा तसं.

मग जे झालं ते पाव मिनिटात झालं असेल. अकांनी गियर टाकला, इंजिन किंचाळलं, अब्रोरने मधला हातब्रेक दोन्ही हातांनी ओढला. खरबुजांचा ट्रक समोरच्या काचेत मोठा होत गेला. अकांनी गाडी डोंगराच्या बाजूला, खडीच्या ढिगाऱ्यात घातली. आम्ही थांबलो. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं होतं आणि मांडीवरची फाईल खाली पडून कागद पसरले होते.

तिघंही उतरलो. अब्रोर रस्त्यावरच पालथा पडला आणि त्याने पुढच्या डाव्या चाकाच्या आत हात घातला. हात बाहेर आला तो तेलाने ओला होता.

"भेगाळलीय," तो म्हणाला. "बारापैकी पाच. मी लिहिलं होतं."

"बारापैकी बारा उत्तम, असंही तूच लिहिलंस," अका म्हणाले.

"लिहून घेतलं. ओदिलच्या खोलीत बसवून लिहून घेतलं. चार तास. पहिला कागद जाळून टाक म्हणाले. मी नाही जाळला. तुर्सुनोवच्या फायलीत सरकवला. नवा संचालक येईल, तो उघडेल, बघेल, असं वाटलं होतं."

"मग मी आल्यावर बोलला का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

अब्रोर उठून उभा राहिला. "तुम्ही? नळीवाल्यांना मंजुरी देणारा कागद आठवतो? उत्पादनाचे उपसंचालक म्हणून त्याच्यावर सही तुमची. तीन महिन्यांनी तुम्ही संचालक. मी काय समजायचं? तुम्ही त्यांचे झालात असंच समजलो. मग ताटं परत आली, तेव्हा तर खात्रीच झाली."

अका खडीवर बसले. "तो कागद मी कोकंद-ताश्कंद गाडीत सही केला होता. घाईत. पंधरा कागदांबरोबर."

"म्हणूनच तुम्हाला संचालक केलं. खालची सही तुमची, वरचीही तुमची. कुठे माणूस मेला तर शोधायला लांब जायला नको."

एक बस हॉर्न वाजवत गेली.

"आज बसलास कशाला मग?" अकांनी विचारलं. "चाकाकडे बघितलंस तू. मी पाहिलं."

"तुम्ही स्वतः चालवणार म्हटल्यावर वाटलं, ह्यांना खरंच माहीत नाही. तुम्हाला एकट्याला कसं जाऊ देणार होतो?" मग त्याने अकांकडे नीट पाहिलं. "आणि तुम्हाला तर माहीत होतं. दोन्ही कागद पाहिलेत तुम्ही. तरी चालवलीत?"

"तू बसतोस का ते बघायचं होतं."

अब्रोरने तेलाचा हात पँटला पुसला. "आणि रिम्मा-ओपांना कशाला आणलंत?"

अका वाकून बुटातली खडी काढू लागले. मला उत्तर माहीत होतं. माझाही चेहरा त्यांना बघायचा होता. मी रस्त्यावरचे कागद गोळा करत होते. मनात आलं, हा माणूस मला मुलासारखं बोट धरून दरीशी घेऊन आला, आणि मी याचा चहा कुठल्या रंगाच्या थर्मासमधून येतो ते दर गुरुवारी सांगते. दोघांपैकी जास्त वाईट कोण, याचा मला आजवर निकाल लावता आलेला नाही.

कारखान्याच्या ओढगाडीला फोन केला. ती यायला तीन तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकांनी टेबल परत खिडकीशी आणवलं, खिडकी सताड उघडली आणि मोठ्या आवाजात मला हुकूम सांगितला. लोचिनची जोडणी ताबडतोब बंद. तयार नऊशे साठ गाड्या आवारातून हलवायच्या नाहीत. दाखल्यावर संचालक सही करणार नाहीत. कारण म्हणून अब्रोरचा पहिला अहवाल जोडला आणि त्याखाली स्वतःच्या जुन्या मंजुरीची प्रतही जोडली. सही माझी आहे आणि चूक माझी आहे, असं एक वाक्य त्यांनी हाताने लिहिलं. पाच प्रती पाच खात्यांना गेल्या, एकाने फाडली तरी चार उराव्यात म्हणून.

दुपारी ते अब्रोरच्या घरी गेले. एकटे, पायी. तिथे काय झालं ते मला मन्झुरा-ओपांकडून कळलं. अब्रोरने त्यांना आत घेतलं, दस्तरखान अंथरला, चहा ओतला. अकांनी माफी मागितली. मग नफोसत स्वतः बाहेर येऊन उभी राहिली. बावीस वर्षांची पोर. काकांना मारतात तशी हाक मारून म्हणाली, "अमाकी, तुम्ही माझ्या बाबांना मारायला निघाला होतात. ते तुम्हाला माफ करतील, त्यांचा स्वभाव आहे तो. मी त्या घरात सून म्हणून नाही येऊ शकत." अकांनी चहा संपवला आणि उठले.

अकराव्या दिवशी राजधानीहून माणूस आला. यावेळी पुलाव नव्हता. अकांना काढल्याचा कागद त्याने दारातच दिला. पाटी मी स्वतः काढली, कुण्या परक्याने काढण्यापेक्षा बरी म्हणून. पुढे चार महिने त्यांना चौकशीसाठी बोलवत होते, कधी सकाळी आठला बसवून संध्याकाळपर्यंत काहीच विचारत नसत. पण आतमध्ये टाकलं नाही. पाच प्रतींपैकी दोन अशा टेबलांवर पोहोचल्या होत्या जिथून त्या गायब करणं जमलं नाही, असं म्हणतात. अब्रोरलाही काढलं. नऊशे साठ गाड्यांच्या नळ्या हिवाळ्यात गुपचूप बदलल्या, कोरियन बसवल्या. नव्या संचालकाने त्याला 'दर्जा उंचावण्याची मोहीम' असं नाव दिलं आणि त्याबद्दल त्याला पदक मिळालं. लोचिन आता खोऱ्यात जिकडे तिकडे दिसते. माझा भाचा तीच चालवतो.

अका कोकंदच्या तंत्रशाळेत शिकवू लागले. अब्रोरने स्टेशनजवळ गाड्या दुरुस्त करायचं दुकान टाकलं. अका आपली जुनी गाडी त्याच्याकडेच नेतात. दोघं बोनेटवर वाकून तास तास बोलतात, पण अब्रोर कधी त्यांच्या घरी गेला नाही.

मी निवृत्त झाले त्या वर्षी अकांकडे गेले. गुरुवारचं सगळं सांगितलं. किती वर्षं, काय काय, सगळं. ते द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते. ऐकताना त्यांनी मान वर केली नाही.

"घाटात गेलो होतो ते ओदिलला दुसऱ्या दिवशी माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "चौकशीत त्याने मला किलोमीटरसुद्धा सांगितला. कुठे थांबलो, कुणी हात घातला चाकात. ते तू सांगितलंस?"

"नाही, अका. चौकीवर नंबर लिहिला होता. ओढगाडीवाल्याने बाकीचं सांगितलं असेल."

"तीन तासांनी आला तो. चाकात हात घालताना कुठे होता?"

"अब्रोरचे हात तेलाने माखलेले होते. बघून कुणीही ओळखेल."

मी ओदिलला घाटाचं काही सांगितलं नव्हतं. त्या गुरुवारी मी ओदिलकडे गेलेच नाही, तब्येत बरी नाही असं कळवलं. हे खरं आहे, पण दाखवायला माझ्याकडे काही नाही.

अकांनी माझ्याकडे पाहिलं, नव्या गाडीत बसून बघायचे तसं. मन्झुरा-ओपा आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी माझा पेला आधी भरला. अका त्यांना म्हणाले, "रिम्मा चहात साखर घालते, गेली तीस वर्षं," आणि साखरेची वाटी माझ्याकडे सरकवली. मग बाकी सगळा वेळ आम्ही सरदोरच्या नोकरीबद्दल बोललो.